शनिवारी पाच ते सात

वडगावात बोलायचं म्हणजे ओरडायचं.
दर दुसऱ्या दारामागं माग,
आणि मागाला माणसाचं ऐकून घ्यायची सवय नाही.
म्हणून शिवलीला दोडमनीनं पहिल्या दिवशी
स्वतःचं नाव सांगितलं
तेव्हा खिडकीतलं कबुतर उडालं.
अगं, मी इथंच आहे, दोन हातांवर.
होय की बाई!
तेवढ्याच जोरात.

वर्ग म्हणजे सूतवाल्याच्या गोदामावरची खोली.
एकाच नंबरावर फिरणारा पंखा,
अठरा पोरं, बारा ते पंधराची,
हात कुठं ठेवायचे ते न कळणारी.
तबस्सुम मुजावर सगळ्यांची नक्कल करते,
स्वतःची पाळी आली की पाणी प्यायला जाते.
जोतिबा कणबरकर बोलतच नाही.
आवाज फुटतोय त्याचा, एका वाक्यात दोनदा घसरतो,
म्हणून त्यानं वाक्यंच सोडलीत.
बाप रात्री भाजीचा टेम्पो घेऊन
चोर्ल्याच्या घाटानं गोव्याला जातो,
सकाळी येऊन झोपतो.
घरात दोघांची भेट म्हणजे
दोरीवर एकाचा ओला टॉवेल,
आणि कोथिंबिरीचा वास.

तिसऱ्या शनिवारी मी पॉज शिकवायला घेतला.
वाक्याच्या मध्ये थांबायचं, म्हटलं,
पण विझायचं नाही.
कुणाला कळेना. मलाही धड सांगता येईना.
तेव्हा शिवलीला:
बाई, धागा तुटल्यावर होतंय तसं?
माग थांबतोय. अप्पा वाकतोय, गाठ मारतोय.
तवर कुणी काय बोलायचं नाही.
पण साडी असती की तिथंच.

मी ते वहीत लिहून घेतलं.
तारखेसकट.

मग म्हटलं, आता एकेकानं उठून हाक मारायची.
कुणाला, ते तुमचं तुम्ही ठरवा. एकच शब्द.
चौघांनी कुत्र्याला मारली. एकानं क्रिकेटच्या अंपायरला.
जोतिबा उठला, फरशीच्या सांध्याकडं बघत राहिला.
तेवढ्यात वीज गेली.
गल्लीतले सगळे माग एकदम बंद.
वडगावात अशी शांतता कानाला टोचते.
तिच्यात तो म्हणाला,

बा.

शब्द मध्येच चिरला,
अर्धा पोराचा, अर्धा पुरुषाचा.

आणि शिवलीला उठून त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली.
तिच्या घरच्या भाषेत बा म्हणजे ये.
कुणीतरी बोलावलं, ती आली, एवढंच.
हळू म्हणाली,
तिला हळू येतं हे मला तेव्हा कळलं,

बंदे.

आले.

कुणी हसलं नाही. तबस्सुमसुद्धा.
जोतिबानं तिच्याकडं पाहिलं, बराच वेळ, न विझता.
मग तीन आठवड्यांतलं पहिलं वाक्य:
जेवलास काय, बा?
तिला काय समजलं कोण जाणे.
तिनं कंबरेवर हात ठेवला, मान मोडली,
रात्रभर उभं राहिलेल्या माणसासारखे डोळे चोळले
आणि आपल्या अप्पाच्या आवाजात म्हणाली,
ऊटा आय्तु.
जेवणाचं विचारलेलं
ह्या गावात कुठल्याही भाषेत कळतं.

वीज आली. माग सुरू झाले.
पुढं ती दोघं काय बोलली
ते आम्हाला ऐकू आलं नाही.
नुसते ओठ हलताना दिसत होते, आणि त्याचे हात,
पहिल्यांदाच आपापल्या जागी.

महिनाअखेरीला शिवलीलाचे अप्पा जिना चढून आले.
बाई, ह्याचं मार्कात काय धरत्यात?
नाही, म्हटलं.
मग?
मी थांबले.
तेच म्हणाले, पोरगी घरात हळू बोलालीय.
तब्येत बरी हाय नव्हं?
काय म्हणती ते ऐकायला माग बंद करावा लागतोय.
रोज पाच-धा मिनटं. कापड मागं पडालंय.

तरी फीचे पैसे त्यांनी दोनदा मोजून दिले,
दहा-दहाच्या नोटा,
मऊ पडलेल्या,
घडीघडीत सुताचे तूस.